घरचा स्पीकर दुरुस्त करून आणला की सणाला पुन्हा जळतो, असं काहून होतं आणि थांबवायचं कसं

राजेहो, ही तक्रार आपल्या इकडं इतक्या घरांत आहे की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. घरी दोन बॉक्स आणि एक अ‍ॅम्प, नाहीतर वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) आणि बारके स्पीकर असलेलं होम थिएटर, रोजच्या आवाजात वर्षभर मस्त चालतं. मग पोळा, गणपती, महालक्ष्म्या, 14 एप्रिल नाहीतर घरचं लग्न येतं, आवाज वाढवला जातो, तासा-दोन तासांत आवाज फाटायला लागतो आणि थोड्या वेळानं एका बॉक्समधून बारीक आवाज यायचाच बंद होतो, झांज नाही, टाळ नाही, गाणं गोधडीखालून आल्यासारखं दबकं येतं. मिस्त्री म्हणतो ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) गेला, नवीन टाकून देतो, पुढच्या सणाला परत तेच. मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट निघाला. कधी कधी निघतोही, पण बहुतेक वेळा स्पीकर चांगला असतो, त्याला मारणारा अ‍ॅम्प असतो, आणि तोही ताकद जास्त आहे म्हणून नाही तर ताकद कमी पडते म्हणून.

हे ऐकायला उलटं वाटतं. 100 वॅटचा बॉक्स आणि 30 वॅटचा अ‍ॅम्प, मग जळायचं कारणच काय असं सगळेच विचारतात. तर असं पाहा, अ‍ॅम्पच्या आत ट्रान्सफॉर्मरमधून जेवढं व्होल्टेज तयार होतं त्याच्या वर अ‍ॅम्प जाऊच शकत नाही. गाण्याची लाट त्या मर्यादेच्या आत आहे तोपर्यंत ती गोल गुळगुळीत बाहेर येते. तुम्ही नॉब अजून फिरवला की लाटेला वर जायला जागा उरत नाही, तिचा वरचा-खालचा भाग सपाट कापला जातो, यालाच क्लिपिंग म्हणतात आणि कानाला तेच फाटल्यासारखं लागतं. आता यात दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे अ‍ॅम्पच्या अंगावर 30 वॅट लिहिलेलं असतं ते साफ आवाजाचं असतं, लाट पूर्ण चौकोनी झाली की तोच अ‍ॅम्प त्याच्या दुपटीपर्यंत पॉवर बाहेर फेकू शकतो. दुसरी आणि ट्विटरसाठी जास्त वाईट गोष्ट, कापलेल्या लाटेतून मूळ गाण्यात नसलेले बारीक सूर तयार होतात, आणि ढोलाचा ठोका तर मर्यादेला टेकून तिथंच थांबतो पण नॉब फिरवला तसा बारीक आवाज मात्र वाढतच राहतो. हे सगळं क्रॉसओव्हरमधून, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळा करणाऱ्या सर्किटमधून, सरळ ट्विटरकडं जातं. गाण्यात बारीक आवाजाचा भाग थोडाच असतो म्हणून ट्विटर मुळातच थोड्या वॅटचा बनवलेला असतो. बॉक्सवर 100 वॅट लिहिलंय ते पूर्ण बॉक्सचं, वूफर धरून, एकट्या ट्विटरचं नाही. त्याच्या आतली कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. जळलेला ट्विटर उघडून पाहिला की त्या तारेवरचा लाखेचा थर काळपट तपकिरी झालेला दिसतो, एखाद्या ठिकाणी तुटलेली असते, आणि जळकट वास बरेच दिवस जात नाही.

म्हणून पहिला नियम एवढाच धरा. आवाज फाटायला लागला की नॉब मागं घ्यायचा, लगेच, गाणं संपायची वाट नाही पाहायची. आणि किती मागं, तर फाटणं बंद होईल तिथपर्यंत नाही, त्याच्याही अजून थोडं मागं, कारण कानाला फाटलेलं कळतं तेव्हा क्लिपिंग बरंच पुढं गेलेलं असतं, थोडंसं कापलं जातंय ते गर्दीत कोणालाच कळत नाही.

आता आपल्या इकडची खास गोष्ट, जी कंपनीच्या पुस्तकात कुठंच लिहिलेली नसते. एकानं मला येऊन सांगितलं, "भाऊ, हाच अ‍ॅम्प दुपारी सात नंबरवर साफ वाजते, अन् सांजच्याला सात नंबरवरच फाटते, आतमंदी काहीतरी बिघडला वाटते." मी त्याला अ‍ॅम्प राहू दे म्हटलं, आधी फ्रिजच्या स्टेबिलायझरचा काटा पाहा. दुपारी काटा 225 च्या आसपास होता. सांजच्याला वावरातल्या मोटरी सुरू झाल्या, घरोघरी दिवे लागले आणि काटा 170 वर येऊन थरथरत होता. अ‍ॅम्पमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. ज्या अ‍ॅम्पमध्ये साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे आपल्याकडचे असेंबल केलेले जवळपास सगळेच, त्यात बाहेरचं व्होल्टेज पडलं की आतलंही त्याच प्रमाणात पडतं, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं पडते. 230 चे 170 झाले की पॉवर जवळपास अर्ध्यावर आली. नॉब तिथंच आहे, गाणं तेच आहे, पण लाटेला वर जायला जागा पाऊणच राहिली, मग फाटणारच. आणि पोळा असो की हळद असो, आपला मोठ्या आवाजाचा कार्यक्रम नेमका सांजच्यालाच असतो.

जिथं गावठाण आणि शेतीची लाईन एकाच डीपीवर आहे तिथं हे जास्त. वेगळं फीडर झालं असेल तर थोडं बरं असतं, तरी गर्दीच्या वेळी पडतंच. उपाय दोन आहेत. एक, संध्याकाळचा नॉबचा नंबर वेगळा ठरवून ठेवायचा, दिवसा सात असेल तर रात्री पाच, आणि एक छोटी पांढरी खूण करून ठेवायची म्हणजे पोरांनाही कळते. दुसरा, अ‍ॅम्पला स्टेबिलायझर लावायचा, पण तो अ‍ॅम्पच्या लोडला पुरेल असा घ्या, टीव्हीचा बारका स्टेबिलायझर मोठ्या अ‍ॅम्पला लावला तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तोच दम टाकतो. ज्यांच्याकडं एसएमपीएसवालं (इलेक्ट्रॉनिक सप्लायचं) सिस्टिम आहे, वजनाला हलकं असतं ते, त्यांना हा त्रास कमी, कारण तो सप्लाय बाहेर कमी-जास्त झालं तरी आतलं व्होल्टेज सांभाळून धरतो, एका मर्यादेपर्यंत.

वॅटच्या आकड्यांबद्दल सांगतो, कारण निम्मी फसगत इथं होते. डब्यावर 5000 वॅट पीएमपीओ लिहिलेलं असतं. पीएमपीओ मोजायची कुठलीच ठरलेली पद्धत नाही, तो आकडा दुकानात डबा विकायला छापतात, त्यावरून काहीही ठरवू नका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, लिहिलेलं असेल ते पाहा. तेही नसेल तर मागच्या पट्टीवर वीज किती लागते ते लिहिलेलं असतं, 60 वॅट लिहिलंय समजा, तर 60 आत घेऊन सतत 500 बाहेर देणारं यंत्र जगात नाही, गरमीत जातं ते वेगळंच. असेंबल केलेल्याचं तर अजून सोपं, आतला ट्रान्सफॉर्मर पाहा. 12-0-12 आणि 5 अँपिअर असेल तर 24 गुणिले 5 म्हणजे 120 झाले, त्याच्या वर सतत काही निघणार नाही, आणि अ‍ॅम्प स्वतः तापतो ते जाऊन साठ-सत्तर हाती लागले तरी चांगलं. आपल्याकडं 4440 आयसीचे (या नंबरच्या चिपवर बनवलेले) बोर्ड खूप चालतात, स्वस्त आहे, दुरुस्तीला सोपं आहे, मलाही घरात ऐकायला तो आवाज आवडतो. पण त्या आयसीची माहिती वाचली तर 13.2 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला स्टेरिओत एकेका बाजूला 6 वॅट आणि ब्रिज करून, म्हणजे दोन्ही बाजू एकाच स्पीकरला जोडून, 19 वॅट एवढंच आहे, आणि तेही बऱ्यापैकी फाटलेल्या अवस्थेत मोजलेलं. साफ पाहिजे तर त्याच्याही खाली राहावं लागतं. घरात भजन ऐकायला हे भरपूर आहे. त्याच्यावर अंगणात पन्नास माणसं नाचवायची म्हटलं तर ते त्याचं कामच नाही.

मग अ‍ॅम्प किती वॅटचा घ्यायचा? पुस्तकात लिहितात स्पीकरच्या आरएमएसच्या दीडपट-दुप्पट घ्या म्हणजे फाटणार नाही. ते खरं आहे, पण नॉब जाणत्याच्या हाती असेल तर. आपल्याकडं कार्यक्रमात नॉब कोणाच्याही हाती जातो, म्हणून मी बरोबरीचाच घ्यायला सांगतो, 50 वॅट आरएमएसच्या बॉक्सला 50 चा अ‍ॅम्प, आणि फाटू द्यायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम फरक कळतो. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. 20 वॅटचा काढून 40 चा लावला तर कोणालाच काही खास वाटणार नाही, मग अजून नॉब, अजून फाटणं.

आता बेस. खरं सांगतो, वूफर मरतात ते बहुतेक या एका नॉबमुळं. बेसचा नॉब 6 डेसिबल वर गेला की त्या खालच्या सुरांना चौपट पॉवर लागते, 10 वर गेला की दहापट. आणि होतं असं की मोबाइलमध्ये इक्वलायझरचं अ‍ॅप असतं त्यात बेस वर, अ‍ॅम्पचा बेस फुल, त्यावर एक्स्ट्रा बेसचं बटन दाबलेलं, तिन्ही एकमेकांवर चढतात. अ‍ॅम्पची सगळी ताकद ठोक्यातच संपते आणि तो लवकर कापायला लागतो, म्हणजे ट्विटरलाही त्रास आणि वूफरलाही. वूफरचं दुखणं वेगळं आहे, तो जळतो त्यापेक्षा जास्त वेळा आपटतो. सूर जेवढा खालचा तेवढा कोन, म्हणजे स्पीकरचा समोरचा हलणारा पडदा, जास्त आत-बाहेर हलावा लागतो, 80 हर्ट्झच्या सुराला जेवढा हलतो त्याच्या चौपट 40 हर्ट्झला, तेवढ्याच आवाजासाठी. मर्यादेच्या बाहेर गेला की कॉइल मागच्या लोखंडाला आपटते, टक टक असा कोरडा आवाज येतो, तो ऐकला की ताबडतोब कमी करा. अशानं कॉइलची नळी चेपते, नाहीतर आतली पिवळी जाळी, ज्याला स्पायडर म्हणतात, ती सुटते, मग कॉइल वाकडी होऊन घासायला लागते.

ज्या बॉक्सला समोर किंवा मागं गोल भोक असतं, पोर्टवाले, त्यात अजून एक धोका आहे. तो बॉक्स ज्या सुरावर बसवलेला असतो त्याच्या खालचे सूर आले की आतली हवा कोनाला धरून ठेवत नाही, कोन मोकाट हलतो. डीजे रिमिक्समध्ये असे अगदी खालचे सूर भरभरून असतात, कानाला धड ऐकूही येत नाहीत पण कोन हातभर हलल्यासारखा दिसतो. अ‍ॅम्पला किंवा इक्वलायझरला 30-35 हर्ट्झच्या खालचं कापायची सोय असेल तर ती चालू ठेवा, आवाजात काही कमी वाटणार नाही आणि कोन शांत होईल. बंद पेटीचा बॉक्स या बाबतीत जास्त सोसतो.

आणि आधी वायर तपासा, बेस वाढवायच्याही आधी. एका बॉक्सची लाल-काळी उलटी लागली असेल तर एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात, आणि माणूस म्हणतो बेसच नाही म्हणून नॉब फुल करतो. तपासायचं सोपं आहे, अ‍ॅम्पपासून वायर सोडवायची आणि साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, सेलची प्लस बाजू बॉक्सच्या लाल टर्मिनलला. कोन बाहेर उसळला तर बरोबर, आत गेला तर आत कुठंतरी उलटं जोडलंय. दुरुस्तीहून आलेल्या बॉक्समध्ये हे बरेचदा सापडतं.

अंगणाचं आता बोलू. घरचा स्पीकर घरासाठी असतो. खोलीत चार भिंती आवाज परत फेकतात, बेस कोपऱ्यात भरून येतो. तोच बॉक्स सपरीत नाहीतर अंगणात ठेवला की आवाज मोकळ्या आभाळात निघून जातो आणि अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतो. हिशोब करून दाखवतो. घरचा बॉक्स साधारण 1 वॅटला 1 मीटरवर 88 डेसिबल देतो धरा. 40 वॅट दिले तर 1 मीटरवर 104 झाले, जोरदार. पण 8 मीटरवर बसलेल्या पाहुण्याला 86 च ऐकू येणार, तेही ट्रॅक्टर आणि लेकरांच्या गलक्यात. तो म्हणतो वाढवा, तुम्ही वाढवता. अजून 10 डेसिबल द्यायचे तर 400 वॅट पाहिजेत, ते ना अ‍ॅम्पकडं आहेत ना बॉक्स सोसणार आहे. देवळावरचा भोंगा तेवढ्याच 1 वॅटला शंभराच्या वर देतो, म्हणून तो कमी वॅटात पूर्ण गावाला ऐकू जातो. त्यामुळं अंगणातला कार्यक्रम असेल तर मंडपवाल्याकडून एक पीए बॉक्स (कार्यक्रमासाठीचा मोठा स्पीकर) भाड्यानं आणा, भाडं दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त होत नाही. घरचाच लावायचा असेल तर भिंतीला टेकवून, शक्यतो दोन भिंतींच्या कोपऱ्यात, कानाच्या उंचीवर ठेवा, आणि लोकांना जवळ बसवा, खुर्च्या अर्ध्या अंतरावर पुढं ओढल्या तर फुकटात 6 डेसिबल मिळतात. रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहेच, आणि घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल तर त्यांचाही विचार करायला पाहिजे, हे मी मनापासून सांगतो.

तासन्‌तास वाजवण्याबद्दल. स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम शंभरातला एक भाग आवाज होतो, बाकी सगळी कॉइलमध्ये गरमी. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. थंड असताना 6 ओहम असलेली कॉइल 150 अंशांनी तापली तर साडेनऊ ओहमच्या आसपास जाते, मग ती अ‍ॅम्पकडून कमी पॉवर घेते आणि आवाज आपोआप उतरतो. तुम्हाला वाटतं गर्दी वाढली म्हणून कमी ऐकू येतंय, नॉब अजून वर, कॉइल अजून गरम, शेवटी चिकटवलेला गोंद मऊ होतो आणि वेटोळे सुटतात. म्हणून नॉबला हात न लावता आवाज हळूहळू दबायला लागला तर ती सूचना आहे, पंधरा-वीस मिनिटं हळू आवाजात काहीतरी लावा किंवा बंद ठेवा, कॉइलला थंड होऊ द्या. मे महिन्यात आपल्याकडं अकोला-चंद्रपूर पट्ट्यात बाहेरच 45-46 अंश असतात, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त, म्हणजे थंड व्हायलाही जागा नाही. अ‍ॅम्पवर विणलेला रुमाल टाकून त्यावर फ्लॉवरपॉट ठेवायची पद्धत आहे ती उन्हाळ्यात तरी बंद करा, हीटसिंकच्या (गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) बाजूला हातभर मोकळी जागा ठेवा, बारका पंखा लावा. कूलरच्या सरळ झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते, आतल्या सर्किटला गंज पकडतो आणि कागदाचा कोन सादळतो.

मोबाइलचं थोडक्यात. मोबाइलचा आवाज अगदी फुल ठेवला तर काही मोबाइल तिथंच फाटतात आणि अ‍ॅम्प तेच फाटलेलं मोठं करून देतो. मोबाइल ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा, त्यातला बेस बूस्टर बंद, आणि बाकी अ‍ॅम्पवर. कुठून तरी व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा फिरून आलेलं गाणं फाईलमध्येच फाटलेलं असतं, ते कमी आवाजातही फाटतं, त्यावरून ओळखा आणि दुसरी फाईल घ्या. कराओकेचा माइक लावत असाल तर शिट्टी मारली की आधी माइकचा आवाज पाडा, ती शिट्टी सगळी ट्विटरवरच जाते.

एका अ‍ॅम्पला किती बॉक्स जोडायचे यावरून गावात मी लय भांडलो आहे. शेजाऱ्याचेही दोन आणून लावू म्हणतात. 8 ओहमचे दोन बॉक्स एकाच चॅनेलला समांतर जोडले की 4 ओहम होतात, 4 चे दोन जोडले की 2. अ‍ॅम्पच्या मागं कमीत कमी 4 लिहिलं असेल आणि तुम्ही 2 लावला तर तो जास्त करंट द्यायला जातो, तापतो, आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण डीसी (सेलसारखं एकाच दिशेचं) व्होल्टेज स्पीकरवर येतं. मग कोन एकदम बाहेर किंवा आत जाऊन तिथंच अडकून बसतो, आणि काही सेकंदांत धूर. वायरचे सुटे केस एकमेकांना लागले तरी अ‍ॅम्पचं हेच होतं, म्हणून टोकं पिळून नीट कसा. ज्या अ‍ॅम्पमध्ये प्रोटेक्शनचा रिले आहे, चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी टक करतो तो, तिथं स्पीकर वाचतो. असेंबलवाल्याकडून नवीन बनवून घेत असाल तर थोडे पैसे जास्त द्या पण हा रिलेचा बोर्ड टाकूनच घ्या, मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

लाईन गेल्यावर काय करता तेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडं लाईन जाते तेव्हा अ‍ॅम्प चालूच राहतो, नॉब वर असतो, आणि लाईन येते ती सरळ येत नाही, दोन-तीनदा झपकते, प्रत्येक झपक्याला स्पीकरमध्ये धप्प असा ठोका. शिवाय डीपीवर न्यूट्रल तुटलेला असेल तर घरात 230 च्या जागी 300 च्या वरही येऊ शकतात. म्हणून लाईन गेली की आधी अ‍ॅम्पचं बटन बंद, नॉब शून्यावर, लाईन येऊन पाच मिनिटं टिकली की मग चालू. चालू करताना आधी मोबाइल-मिक्सर जे असेल ते, सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प, आणि बंद करताना सगळ्यात आधी अ‍ॅम्प. चालू अ‍ॅम्पमधून ऑक्सची पिन ओढायची नाही.

आता ज्यांचा बॉक्स आत्ताच बिघडलाय त्यांच्यासाठी. मल्टिमीटर ओहमवर लावा, अ‍ॅम्पपासून वायर सोडवून एकेका स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. 8 ओहमचा स्पीकर साडेपाच ते सातच्या मध्ये दाखवतो, 4 चा तीन-साडेतीनच्या आसपास, ते बरोबर आहे, बिघाड नाही. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली, एखाद-अर्धा ओहम दाखवला तर आत वेटोळे एकमेकांना चिकटलेत. वूफर असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा, हळूच आत दाबा. खसखस लागली तर कॉइल घासतेय. पण लगेच जळली म्हणू नका, कडेचा रबर किंवा फोम पाहा, जुना फोम हात लावला की भुगा होतो, तेवढाच बदलून मिळतो. उंदरांनीही कुरतडलेला असतो. ज्या खोलीत कापूस भरून ठेवता तिथं बॉक्स असेल तर पोर्टमधून आत पेळू सापडतात, सोयाबीनच्या हडंब्याच्या (मळणीच्या मशीनच्या) दिवसांत बारीक धूळ जाते, म्हणून पोर्टवर रुंद छिद्राची तारेची जाळी लावा, जाड कापड कोंबू नका, त्यानं बॉक्सचा सूर बिघडतो.

नवीन स्पीकर जोडायच्या आधी अ‍ॅम्प तपासायलाच पाहिजे, दुरुस्त केलेला पुन्हा जळायचं दुसरं मोठं कारण हेच आहे. अ‍ॅम्प चालू, नॉब शून्य, स्पीकर न जोडता मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. वीस-तीस मिलिव्होल्ट असेल तर ठीक, शंभराच्या वर असेल तर मिस्त्रीला दाखवा, आणि व्होल्टमध्ये येत असेल तर त्याला कुठलाच स्पीकर लावू नका, लावला की तोही जाणार.

आणि ट्विटर बदलताना एक छोटी वस्तू हमखास राहते, ती म्हणजे त्याच्या वायरीत लावलेला कपॅसिटर. त्याचं काम जाड आवाज अडवून फक्त बारीक आवाज ट्विटरला देणं. 8 ओहमच्या ट्विटरला 3.3 मायक्रोफॅराडचा असेल तर साधारण 6000 हर्ट्झच्या वरचं जातं, 4.7 चा असेल तर 4200 च्या वरचं. नवीन ट्विटर घाईत सरळ जोडला, कपॅसिटर तोडून टाकला किंवा होता त्याहून मोठा लावला, तर ढोलाचा ठोकाही ट्विटरवर जातो आणि तो आठवडाभरही टिकत नाही. कपॅसिटर नॉन-पोलर पाहिजे, 50 व्होल्ट किंवा वरचा, प्लस-मायनसवाला साधा चालत नाही. ज्यांचा ट्विटर वारंवार जातो त्यांनी कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वायरीत एकापुढं एक, मोटारसायकलच्या टेललाइटचा 12 व्होल्टचा बल्ब लावून पाहावा, कमी आवाजात तो असून नसल्यासारखा असतो, जास्त करंट आला की पेटतो आणि ट्विटरवरचा ताण स्वतःवर घेतो. बल्ब बॉक्सच्या बाहेर, दिसेल असा बसवा, तो लाल व्हायला लागला की नॉब मागं घ्यायचा हे कोणालाही सांगता येतं. दुकानात जाताना जुना ट्विटर आणि जुना कपॅसिटर दोन्ही खिशात घेऊन जा, ओहम आणि मायक्रोफॅराड दोन्ही जुळवून घ्या, आणि दोन्ही बॉक्सचे ट्विटर एकाच कंपनीचे टाका, नाहीतर एक बाजू टोचते आणि दुसरी दबकी राहते.